उगम आणि मोल

मार्च १९२५ मध्ये अमेरिकेतल्या टेनेसी राज्यात एक कायदा झाला. जॉन बटलर नावाच्या शेतकरी आमदाराने तो मांडला होता. माणसाच्या निर्मितीची बायबलमधली कथा नाकारणारा आणि माणूस खालच्या दर्जाच्या प्राण्यांपासून उतरला असं सांगणारा सिद्धांत सरकारी शाळेत शिकवणं, हा या कायद्याने गुन्हा ठरला. दंड १०० ते ५०० डॉलर. कायद्याची भाषा बारकाईने पाहिली तर त्यात पृथ्वीच्या वयाबद्दल एक शब्दही नाही. खडकांचे थर, जीवाश्म, घोड्याचे पूर्वज, वनस्पतींची उत्क्रांती, हे सगळं शिकवायला शिक्षक मोकळा होता. बंदी होती ती एकट्या माणसापुरती.

बायबलची निर्मितीकथा विरुद्ध उत्क्रांती हा वाद समजून घ्यायचा तर या कायद्यापासून सुरुवात करावी असं मला वाटतं. वरवर पाहता हा वाद खडकांचा, हाडांचा आणि वर्षांच्या हिशेबाचा दिसतो. दोन्हीकडची माणसं आपापले पुरावे घेऊन उभी असतात. आतला प्रश्न मात्र वेगळा असतो: माणसाची किंमत काय, आणि ती कशावरून ठरते? या प्रश्नाच्या एका भागावर दोन्हीकडच्या कडव्यांचं पूर्ण एकमत आहे. माणूस कुठून आला यावरून त्याची किंमत ठरते, असं दोघंही धरून चालतात. एक म्हणतो, देवाने घडवला म्हणून माणूस मोलाचा. दुसरा म्हणतो, प्राण्यांतून आला म्हणून तोही एक प्राणी, त्याच्या थोरवीच्या बाकी साऱ्या गप्पा. उगम आणि मोल यांची ही गाठच चुकीची आहे, हे मला सावकाशीने मांडायचं आहे. ती सुटली की वादातला बराचसा विखार निघून जातो आणि खरा प्रश्न समोर येतो.

बटलर कायद्याची कसोटी लागली ती टेनेसीतल्याच डेटन या छोट्या गावी. तिथल्या शाळेतला जॉन स्कोप्स हा २४ वर्षांचा शिक्षक कायदा मोडल्याचा आरोप अंगावर घ्यायला तयार झाला आणि १० जुलैला खटला उभा राहिला. स्कोप्सच्या बाजूने क्लॅरन्स डॅरो हे देशातले नामांकित वकील आले. फिर्यादीच्या बाजूला होते विल्यम जेनिंग्ज ब्रायन. शिकागोच्या एका रेडिओ केंद्राने खटला थेट घरोघर पोचवला. २० जुलैला उकाडा आणि गर्दी इतकी वाढली की न्यायाधीश जॉन रॉल्स्टन यांनी कामकाज बाहेर हिरवळीवर आणलं. तिथे डॅरो यांनी प्रतिपक्षाच्या वकिलालाच, म्हणजे ब्रायन यांना, बायबलचे जाणकार म्हणून साक्षीला उभं केलं. योनाला माशाने गिळलं होतं का? यहोशवासाठी सूर्य थांबला तो कसा? जलप्रलय कोणत्या साली झाला? काइनाला बायको कुठून मिळाली? आणि सूर्य जर चौथ्या दिवशी निर्माण झाला, तर आधीच्या तीन दिवसांच्या सकाळी आणि संध्याकाळी कशाच्या? प्रश्नामागून प्रश्न आले. शेवटी ब्रायन यांनी मान्य केलं की बायबलमधल्या उत्पत्तीच्या पुस्तकातले दिवस २४ तासांचेच असतील असं नाही, ते फार मोठे कालखंडही असू शकतील.

ब्रायन यांचा हा पराभव म्हणून तो प्रसंग सांगितला जातो. मला त्यात दुसरं काही दिसतं. दिवसांच्या लांबीवर माघार घ्यायला ब्रायन यांना फार जड गेलं नाही. माणसाच्या खालच्या प्राण्यांची उत्क्रांती झाली असेल तर आपली त्याला तक्रार नाही, असं त्यांनी खासगी पत्रातही लिहिलं होतं. त्यांची तक्रार कशाला होती ते चार दिवस आधीच्या त्यांच्या भाषणात दिसलं. खटल्यात पुरावा म्हणून जॉर्ज विल्यम हंटर यांचं १९१४ चं जीवशास्त्राचं पाठ्यपुस्तक होतं. त्यात प्राण्यांच्या वर्गांची एक आकृती होती: प्रत्येक वर्गाचं एक वर्तुळ, आत त्या वर्गातल्या जातींची संख्या. सस्तन प्राण्यांच्या वर्तुळात आकडा होता ३५००. ब्रायन यांनी ते पान हातात घेऊन विचारलं की यात माणूस कुठे आहे? तर उरलेल्या ३४९९ सस्तन प्राण्यांच्या सोबतीने त्याच छोट्या वर्तुळात कोंडलेला. त्याला स्वतःचं वर्तुळसुद्धा दिलेलं नाही. ब्रायन यांची सारी व्यथा त्या एका वर्तुळात आहे.

ही व्यथा अडाणीपणातून आलेली नव्हती. ब्रायन तीन वेळा अध्यक्षपदाच्या निवडणुकीत डेमोक्रॅटिक पक्षाचे उमेदवार होते. कर्जात बुडालेल्या शेतकऱ्यांसाठी ते लढले, बड्या भांडवलदारांच्या विरोधात उभे राहिले, स्त्रियांच्या मताधिकाराला त्यांनी पाठिंबा दिला. पहिल्या महायुद्धात देश ओढला जाईल या भीतीने १९१५ मध्ये त्यांनी परराष्ट्रमंत्रिपद सोडलं. त्यानंतर त्यांच्या हाती व्हर्नन केलॉग या अमेरिकी जीवशास्त्रज्ञाचं १९१७ चं पुस्तक पडलं. जर्मनव्याप्त प्रदेशात मदतकार्य करताना केलॉग यांनी जर्मन अधिकाऱ्यांबरोबर जेवणाच्या टेबलावर जी संभाषणं ऐकली ती त्यात होती. बलवानाने दुबळ्याला चिरडणं हाच निसर्गाचा नियम, म्हणून आमचं युद्ध योग्यच, असं ते सुशिक्षित अधिकारी डार्विनचा हवाला देऊन सांगत होते. ब्रायन यांनी यातून निष्कर्ष काढला की ‘तू पशू आहेस’ असं मुलांना शिकवलं तर मुलं पशूसारखीच वागतील.

भीती निराधार नव्हती, हे हंटर यांचं तेच पुस्तक दाखवतं. त्या पुस्तकात मानवजातीच्या पाच वंशांची यादी होती आणि त्यात युरोप-अमेरिकेतले गोरे सर्वांत वरच्या पायरीवर होते. पुढे सुप्रजननशास्त्राचा पाठ होता. गुन्हेगारी, व्यसनं आणि मंदबुद्धी ज्या घराण्यांत पिढ्यानपिढ्या दिसते असं लेखकाला वाटत होतं, त्या घराण्यांना त्याने समाजावरची बांडगुळं म्हटलं होतं. ही माणसं जनावरं असती तर आपण त्यांना बहुधा मारूनच टाकलं असतं, असं शाळकरी मुलांसाठी लिहिलं होतं. आणि माणुसकीला ते मान्य नाही, तर निदान त्यांना कोंडून स्त्री-पुरुष वेगळे ठेवावेत, असा उपाय सुचवला होता. खटल्यात वाद वर्तुळाच्या पानावर झाला, या पानावर झाला नाही. दोन्ही बाजूंपैकी कोणीही त्यावर बोट ठेवलं नाही, ही त्या खटल्यातली मला सर्वांत दुःखद वाटणारी गोष्ट आहे.

निकाल लागला २१ जुलैला. स्कोप्सला १०० डॉलर दंड झाला, आणि पाच दिवसांनी ब्रायन डेटनमध्येच वारले. त्यानंतर दोन वर्षांत अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयासमोर कॅरी बक या व्हर्जिनियातल्या तरुणीचा दावा आला. तिची आई, ती आणि तिची तान्ही मुलगी अशा तीन पिढ्या मंदबुद्धीच्या आहेत असं ठरवून तिच्यावर वंध्यत्वाची शस्त्रक्रिया करायचा राज्याला अधिकार आहे का, असा प्रश्न होता. न्यायालयाने आठ विरुद्ध एक मतांनी तो अधिकार मान्य केला. ती तान्ही मुलगी पुढे शाळेत चांगल्या गुणांनी पास होऊन गुणवंतांच्या यादीत आली, आणि लहानपणीच आजाराने गेली. विरोधात पडलेलं एकमेव मत होतं पिअर्स बटलर यांचं. नऊ न्यायाधीशांत ते एकटे कॅथलिक होते.

इथे एखादा श्रद्धावान वाचक म्हणेल, मग ब्रायन यांचंच खरं ठरलं. माणसाला देवापासून तोडलं की त्याचं असंच होतं. हे म्हणणं झटकून टाकण्यासारखं नाही, म्हणून निर्मितीकथेत माणसाच्या मोलाबद्दल नेमकं काय आहे ते आधी पाहू.

उत्पत्तीचा पहिला अध्याय ज्या जगात रचला गेला त्या जगात दुसऱ्या निर्मितीकथा चलनात होत्या. बाबिलोनच्या एनूमा एलिश या काव्यात मर्दुक हा देव किंगू नावाच्या बंडखोर देवाला मारायला लावतो आणि त्याच्या रक्तातून माणूस घडवला जातो. कशासाठी? देवांचे कष्ट वाचावेत, त्यांची चाकरी करायला कोणी असावं, म्हणून. म्हणजे माणूस हा गुन्हेगाराच्या रक्तातून जन्मलेला वेठबिगार. त्या काळी देवाचं प्रतिरूप म्हणवून घ्यायचा मान असे तो राजाचा. उत्पत्तीचा पहिला अध्याय तो मान सरसकट सगळ्यांना देऊन टाकतो, पुरुषाला आणि स्त्रीलाही. राजवाड्यातली पदवी शेतात राबणाऱ्याला मिळते. सूर्य आणि चंद्र हे शेजाऱ्यांचे बलाढ्य देव. इथे त्यांचं नावही घेतलेलं नाही, एक मोठी ज्योती आणि एक लहान ज्योती एवढंच, तीही चौथ्या दिवशी टांगलेली. सूर्याआधी तीन दिवस कसे, हा डॅरो यांचा प्रश्न या अध्यायाला अडचणीत आणतो तो त्याला पंचांग म्हणून वाचलं तर. सूर्याची पूजा करू नकोस, राजाला देव मानू नकोस, शेजाऱ्याला गुलाम समजू नकोस, असं सांगणारा पाठ म्हणून वाचलं तर तो अध्याय आजही ताजा आहे. हे वाचन विज्ञानाच्या धाकाने काढलेली पळवाटही नाही. डार्विनच्या चौदाशे वर्षं आधी संत ऑगस्टिन यांनी उत्पत्तीवर भाष्य लिहिताना ते सहा दिवस आपल्यासारखे दिवस नाहीत असं मत मांडलं होतं.

तेव्हा निर्मितीकथेत माणसाच्या मोलाची मोठी शिकवण आहे, हे मोकळेपणाने मान्य करू. आता प्रश्न असा की ही कथा मानली म्हणजे माणसाचं मोल आपोआप राखलं जातं का?

हार्वर्ड विद्यापीठात एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला दोन मोठे शास्त्रज्ञ होते. लुई अगासिझ हे प्राणिशास्त्रज्ञ. प्रत्येक जीवजात निर्मात्याने स्वतंत्रपणे घडवली असं मानणारे आणि १८७३ मध्ये मरेपर्यंत उत्क्रांतीला विरोध करणारे. याच अगासिझ यांचं मत होतं की मानवाचे वंशही निर्मात्याने वेगवेगळे घडवले, काळे आणि गोरे एका कुळातले नाहीत. १८५० मध्ये दक्षिण कॅरोलायनातल्या गुलाम स्त्रीपुरुषांना विवस्त्र करून काढलेली छायाचित्रं त्यांच्याच या अभ्यासासाठी होती. दुसरे होते आसा ग्रे, वनस्पतिशास्त्रज्ञ. नेमाने चर्चला जाणारे श्रद्धाळू ख्रिस्ती, आणि अमेरिकेत डार्विनची बाजू पहिल्यांदा जोरकसपणे मांडणारे. सगळी माणसं एकाच मुळातून आली, हे ग्रे यांना उत्क्रांतीतही दिसलं आणि श्रद्धेतही. दोघंही निर्माता मानणारे, विद्यापीठ एकच, आणि माणसाच्या भावकीबद्दलची उत्तरं उलटी.

पुढे बघा. उत्पत्तीच्या नवव्या अध्यायात नोहा आपल्या नातवाला, कनानाला, शाप देतो. हा शाप आफ्रिकेतल्या लोकांना आहे असा अर्थ लावून अमेरिकेतल्या मळेवाल्यांचे धर्मोपदेशक गुलामगिरी पवित्र ठरवत. त्याच पुस्तकातला पहिला अध्याय हाती घेऊन दुसरे धर्मोपदेशक गुलामगिरीविरुद्ध लढत होते. खुद्द ब्रायन यांचं घ्या. देवाच्या प्रतिरूपासाठी जीव टाकणाऱ्या या माणसाने १९२४ च्या पक्ष अधिवेशनात, कू क्लक्स क्लान या वर्णद्वेषी संघटनेचा नाव घेऊन निषेध करावा या ठरावाला विरोध केला.

उत्क्रांतीच्या बाजूलाही हेच. डार्विन ज्या घरात वाढला त्या घराला गुलामगिरीचा तिटकारा होता. त्याचे आजोबा जोसाया वेजवुड यांनी साखळदंडातल्या गुलामाची प्रतिमा असलेलं पदक १७८७ मध्ये काढलं होतं, ज्यात तो गुलाम मी तुमचा भाऊ नाही का असं विचारतो. बीगल जहाजावर, ब्राझीलमध्ये, कप्तान फिट्झरॉय यांच्याशी डार्विनचं गुलामगिरीवरूनच कडाक्याचं भांडण झालं. १८७१ च्या माणसावरच्या ग्रंथात त्याने लिहिलं की देवीची लस, दवाखाने आणि गरिबांची काळजी यांमुळे दुबळे जगतात आणि त्याचा वंशावर परिणाम होतो. सुप्रजननवाले इथे थांबले. डार्विन थांबला नाही. लगेच पुढे त्याने म्हटलं की म्हणून दुबळ्यांबद्दलची करुणा आटवायला गेलो तर आपल्या स्वभावातला सर्वांत उदात्त भागच आपण गमावून बसू. त्याच ग्रंथात ‘रानटी’ आणि ‘सुधारलेल्या’ माणसांची उतरंडही आहे, हेही लपवायचं कारण नाही. डार्विनचा कट्टर पाठीराखा थॉमस हक्स्ली याने तर १८९३ मध्ये ऑक्सफर्डच्या व्याख्यानात स्पष्टच सांगितलं की माणसाची नैतिक वाटचाल ही निसर्गातल्या जीवनसंघर्षाचं अनुकरण करून होत नसते, त्या संघर्षाशी लढूनच होते.

आता हे सगळं एकत्र ठेवून पाहू. निर्मिती मानून काहींनी गुलाम मुक्त केले, काहींनी ठेवले. उत्क्रांती मानून काहींनी सगळ्या माणसांना भावंडं म्हटलं, काहींनी कॅरी बकला शस्त्रक्रियेच्या टेबलावर झोपवलं. एकाच उगमकथेतून दोन उलट निष्कर्ष निघत असतील, तर निष्कर्ष त्या कथेतून निघत नाहीत, हे उघड आहे. माणसं माणसाचं मोल आधी ठरवतात आणि मग आपल्या उगमकथेत त्याला आधार शोधतात. नदीचं मूळ आणि ऋषीचं कूळ पाहू नये, ही आपल्याकडची म्हण इथे अर्धी कामाला येते. मूळ अवश्य पाहावं. माणसाच्या जिज्ञासेला बांध घालण्यात काही पुण्य नाही. मुळाशी ओंजळभर पाणी दिसलं म्हणून खालच्या नदीची थोरवी कमी होत नाही, एवढंच त्या म्हणीतून घ्यायचं.

एकदा हे दोन प्रश्न वेगळे केले की प्रत्येकाला त्याची त्याची रीत लावता येते. माणूस कुठून आला, हा पहिला प्रश्न पुराव्याचा आहे, आणि त्यावर पुराव्याचं उत्तर इतकं स्पष्ट आहे की त्यात आडपडदा ठेवू नये. एकच नमुना जवळून पाहू. चिंपांझी, गोरिला आणि ओरांगउटान यांच्या पेशीत गुणसूत्रांच्या २४ जोड्या असतात, माणसाच्या पेशीत २३. पूर्वज एकच असेल तर एक जोडी गेली कुठे? अख्खी जोडी हरवली असती तर जीव जगलाच नसता. म्हणजे दोन गुणसूत्रं एकमेकांना जोडली गेली असली पाहिजेत, आणि तसं असेल तर जोडाची खूण सापडलीच पाहिजे. प्रत्येक गुणसूत्राच्या दोन्ही टोकांना डीएनएची ठरावीक अक्षरं पुन्हापुन्हा येणारा एक पट्टा असतो, त्याला टेलोमिअर म्हणतात. मधे कुठेतरी सेंट्रोमिअर नावाचा एक सांधा असतो. माणसाच्या दुसऱ्या क्रमांकाच्या गुणसूत्रात टोकाला असायची ती अक्षरं मध्येच सापडतात, तीही एकमेकांना तोंड भिडवून. एक सेंट्रोमिअर चालू आहे, आणि दुसऱ्या बाजूला एका निकामी झालेल्या सेंट्रोमिअरचे अवशेष आहेत. वानरांची जी दोन गुणसूत्रं जोडली तर हे एक तयार होईल, ती दोन्ही ओळखता येतात. सिद्धांताने आधी सांगितलं की अशी खूण असेल, आणि नेमकी ती तिथे निघाली.

हा पुरावा २००५ मध्ये पेनसिल्व्हेनियातल्या हॅरिसबर्गच्या न्यायालयात समजावून सांगितला गेला. डोव्हर गावच्या शाळा मंडळाने जीवशास्त्राच्या वर्गात, जीवांची रचना कोणा बुद्धिमान कर्त्याने केली असं मानणारा ‘बुद्धिमान रचने’चा विचार घुसवला होता, त्याविरुद्ध पालकांनी दावा लावला होता. साक्षीला उभे होते केनेथ मिलर, पेशीशास्त्राचे प्राध्यापक आणि श्रद्धावान कॅथलिक. न्यायाधीश जॉन जोन्स यांनी डिसेंबरमध्ये पालकांच्या बाजूने निकाल दिला. त्याआधी १९८१ मध्ये आर्कन्सा राज्याने निर्मितिवादाला वर्गात बरोबरीचा वेळ देणारा कायदा केला, तेव्हा त्याला आव्हान देणाऱ्यांत पहिलं नाव बिल मॅक्लीन या मेथडिस्ट धर्मोपदेशकाचं होतं, आणि त्यांच्यासोबत वेगवेगळ्या पंथांचे बिशप होते. श्रद्धा वाचवायची तर जीवशास्त्र अडवावं लागतं असं या माणसांना वाटलं नाही. आपली श्रद्धा प्रयोगशाळेतल्या निकालावर टांगून ठेवणं त्यांना श्रद्धेचाच अपमान वाटला, आणि मला ते बरोबर वाटतं.

दुसरा प्रश्न मोलाचा. इथे सूक्ष्मदर्शकाला काही दिसत नाही. गुणसूत्र जोडलं गेलं हे कळल्याने शेजाऱ्याशी कसं वागावं ते कळत नाही. करुणा उत्क्रांतीतून कशी आली असेल याचा उलगडा विज्ञान करू शकतं. पण क्रौर्यही तिथूनच आलं आहे, आणि दोघांतलं काय वाढवायचं हे उलगड्यात लिहिलेलं नसतं. रिचर्ड डॉकिन्स यांच्यासारखा देवाला ठामपणे नाकारणारा लेखकसुद्धा १९७६ च्या आपल्या गाजलेल्या पुस्तकात सुरुवातीलाच बजावतो की उत्क्रांतीवर आधारलेली नीती आपण सुचवत नाही. विज्ञानाने देव नाही हे सिद्ध केलं, म्हणून जगण्याला अर्थ नाही, असं जे लोक बोलतात ते विज्ञानाच्या नावावर स्वतःचं तत्त्वज्ञान खपवत असतात. त्यांचा तो विचार असू शकतो. जीवशास्त्राचा तो निष्कर्ष नाही.

हा प्रश्न आपल्या मराठी मुलखाला परका नाही. किंबहुना उगमावरून मोल ठरवण्याची शिक्षा आपल्याइतकी फार थोड्यांनी भोगली आहे. कोणी तोंडातून जन्मला, कोणी बाहूतून, कोणी मांड्यांतून आणि कोणी पायांतून, या कथेवर माणसांची उतरंड रचली गेली आणि ती हजारो वर्षं टिकली. जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ लिहिलं ते या कथेवर पहिला घाव घालतच. ब्रह्मदेवाच्या चार अवयवांतून माणसं जन्मली कशी, याची त्यांनी पुस्तकातल्या धोंडिबा या पात्राशी संवाद करत परखड झडती घेतली. ते पुस्तक त्यांनी अर्पण केलं अमेरिकेतल्या गुलामांना मुक्त करणाऱ्या सदाचारी लोकांना. आणि जोतीराव निर्माता नाकारणारे नव्हते. एका निर्मिकाने सगळे स्त्रीपुरुष घडवले, म्हणून सगळे समान हक्कांचे, ही त्यांची भूमिका होती. त्यांनी एका उगमकथेच्या जागी दुसरी ठेवली खरी, पण ती निवडली समतेच्या कसोटीवर. समता त्यांना आधी पटलेली होती.

बाबासाहेब आंबेडकर आणखी एक पाऊल पुढे गेले. १९३६ च्या ‘जातिभेद निर्मूलन’ या पुस्तकात त्यांनी समतेवरचा नेहमीचा आक्षेप स्वतःच मांडला: माणसं समान नसतात. आनुवंशिकता वेगळी, घरचा वारसा वेगळा, प्रत्येकाचे प्रयत्न वेगळे. हे त्यांनी मान्य केलं. तरीही, समता ही वस्तुस्थिती नसली तरी वागण्याचं सूत्र म्हणून ती स्वीकारलीच पाहिजे, असं ते ठामपणे म्हणाले. माझ्या मते या साऱ्या वादाची किल्ली इथे आहे. समता ही सापडणारी गोष्ट नाही. खडकात नाही, गुणसूत्रात नाही, आणि एखाद्या ग्रंथात ती असली तरी वाचणाऱ्याने ठरवल्याशिवाय हाती लागत नाही. ती स्वीकारावी लागते आणि रोज पाळावी लागते.

यावर एक आक्षेप येईल, आणि तो वजनदार आहे. देवाचा आधार काढून घेतला तर माणूस हे सूत्र का पाळेल? सोयीचं असेल तेव्हा पाळेल, नसेल तेव्हा मोडेल. माझं उत्तर असं की ज्याला देवाचा आधार आहे त्याने तो जरूर ठेवावा. त्या आधाराने पिअर्स बटलर एकटे उभे राहू शकले असावेत. उत्क्रांती तो आधार काढून घेत नाही, कारण देवाने माणसाला कोणत्या मार्गाने घडवलं याचा शोध घेणं म्हणजे देवाला नाकारणं नव्हे. आणि ज्याला तो आधार नाही त्यानेही हे लक्षात ठेवावं की सोयीनुसार सूत्र मोडणारे दोन्हीकडे झाले आहेत. फरक पडतो तो कथेने नव्हे, समोरच्या माणसाकडे पाहण्याच्या आपल्या निर्धाराने.

टेनेसीने बटलर कायदा १९६७ मध्ये रद्द केला. पण माणूस माकडापासून आला हे ऐकून ज्यांचा अभिमान दुखावतो अशी माणसं सगळीकडे आहेत. जानेवारी २०१८ मध्ये औरंगाबादमध्ये बोलताना तेव्हाचे केंद्रीय मनुष्यबळ विकास राज्यमंत्री सत्यपाल सिंह यांनी डार्विनचा सिद्धांत वैज्ञानिकदृष्ट्या चुकीचा असल्याचं सांगितलं. माकडाचा माणूस होताना आपल्या पूर्वजांनी पाहिला नाही, हा त्यांचा पुरावा होता. देशातल्या तिन्ही विज्ञान अकादम्यांनी एकत्र निवेदन काढून त्याचा प्रतिवाद केला. २०२३ मध्ये एनसीईआरटीच्या दहावीच्या विज्ञानाच्या नव्या पुस्तकातून उत्क्रांतीचा भाग वगळला गेला, तेव्हा १८०० हून अधिक शास्त्रज्ञांनी आणि शिक्षकांनी त्याविरुद्ध पत्र लिहिलं. आपल्या राज्य मंडळाच्या दहावीच्या विज्ञानात आनुवंशिकता आणि उत्क्रांतीचा धडा आहे, ही समाधानाची गोष्ट आहे.

तो धडा शिकवणाऱ्या शिक्षकांना आणि मुलांचे प्रश्न झेलणाऱ्या पालकांना माझी विनंती आहे. उत्क्रांती पूर्ण शिकवा, माणसासकट शिकवा, गुणसूत्राच्या जोडासकट शिकवा. मूल देव मानणाऱ्या घरातलं असेल तर त्याच्या देवाची टिंगल करू नका, त्याची इथे गरजच नाही. आणि एखाद्या मुलाने विचारलं की मग आपणही जनावरंच का, तर त्याला सांगा: आपण कुठून आलो हे या धड्यात आहे. आपण एकमेकांना काय मानायचं, हे आपल्यालाच ठरवायचं आहे, आणि ते ठरवताना एकाही माणसाला खालची पायरी द्यायची नाही.